पूर्वींचे भविष्यवादी व आपला तारणारा

मंदिराच्या बांधकामाची, आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंची व ज्या कुटुंबांनीं पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली त्यांची हकिकत ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत इतरत्र आलीच आहे. संपादकांनीं आम्हांला इतिहासाचा एखादा विषय घ्यावयास सांगितलें, तेव्हां आमच्या मनांत धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एक प्रसंग घोळत होता. एका रविवारीं दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीनें विचारलें, "मिस्सामध्यें पहिलें वाचन आपण बसून ऐकतों आणि शुभवर्तमान लागलें कीं सगळे उभे राहतों. पहिल्या वाचनांतले ते जुने लोक खोटे होते का?" वर्ग चालविणाऱ्या बाईंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही "तशी रीत आहे, बाळ," असें कांहीं तरी पुटपुटलों आणि वेळ मारून नेली. घरीं येतांना मात्र आमची आम्हांलाच लाज वाटली. त्या पोरीच्या प्रश्नांत जवळजवळ दोन हजार वर्षांचा वाद सांठविलेला होता. आणि त्या वादाचें उत्तर ज्या ज्या वेळीं चुकलें त्या त्या वेळीं माणसांना आपल्या प्राणांनीं किंमत द्यावी लागली, हें आम्हांस ठाऊक होतें.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. आपल्याकडील जुन्या मराठी बायबलांत 'भविष्यवादी' हा शब्द आला व तोच वडीलधाऱ्यांच्या जिभेवर बसला. पुढें 'संदेष्टा' व 'प्रवक्ता' हे शब्द आले, आणि खरें पाहतां तेच अधिक नेमके आहेत. भविष्यवादी म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें पंचांग घेऊन बसलेला जोशी उभा राहतो. इस्राएल लोकांतील 'नाबी' हा तसा मुळींच नव्हता. उद्यां काय होणार हें सांगणें हा त्याच्या कामाचा लहानसा भाग. आज काय चाललें आहे व तें देवाला कसें दिसतें हें सांगणें हें त्याचें खरें काम. तथापि जुना शब्द आम्हांस सोडवत नाहीं, म्हणून या लेखांत तोच ठेविला आहे. वाचकांनीं त्याचा अर्थ मात्र वर दिल्याप्रमाणें घ्यावा.

हे लोक कोण होते? ख्रिस्तापूर्वीं आठव्या शतकांत, दुसरा यराबाम उत्तरेकडील राज्यावर असतां, यहूदाच्या डोंगराळ मुलुखांतील तकोवा गांवचा आमोस नांवाचा एक मेंढपाळ बेथेलच्या राजमान्य देवस्थानांत जाऊन उभा राहिला. मेंढरें राखणें व उंबराच्या जातीच्या झाडांची फळें जोपासणें हा त्याचा धंदा. दुष्काळ नव्हता, लढाई नव्हती. उलट त्या राज्याला असे सुखाचे दिवस पूर्वीं क्वचितच आले असतील. श्रीमंत मंडळी हस्तिदंतानें मढविलेल्या पलंगांवर लोळत होती, आणि एका जोड्याच्या किंमतीसाठीं गरीब माणूस विकला जात होता. आमोसनें सांगितलें कीं, अशा हातांनीं वाहिलेले होम व गाइलेलीं भजनें देवाला नकोशीं झालीं आहेत. तेथील पुरोहितानें त्याला, आपल्या गांवीं जाऊन पोट भर, असें बजावून हांकलून दिलें. देवळांत बसून देवळाविरुद्ध बोलणारा माणूस कोणालाच आवडत नसतो.

यिर्मयाची कथा तर याहून करुण आहे. अनाथोथच्या पुरोहितकुळांतला हा तरुण बोलावयास राजी नव्हता. आपण अजून पोर आहों अशी सबब त्यानें सांगितली. त्याच्या मुखांतील शब्द बारूख लेखकानें गुंडाळीवर उतरून घेतले. तीं वचनें यहोयाकीम राजापुढें वाचलीं जाऊं लागलीं तेव्हां थंडीचे दिवस होते व राजासमोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले कीं राजा तेवढा भाग चाकूनें कापी व विस्तवांत टाकी. सारी गुंडाळी अशा रीतीनें जळाली. यिर्मयानें तीं वचनें बारूखाला पुन्हां सांगितलीं, आणि दुसरी प्रत पहिलीपेक्षां मोठी झाली. पुढें येरुशलेमला वेढा पडला असतां त्याला चिखलानें भरलेल्या एका टाक्यांत सोडण्यांत आलें. तेथून त्याला काढलें तें एका परक्यानें, कूश देशांतील एबद-मेलेख नांवाच्या राजसेवकानें. दोरानें काखा सोलूं नयेत म्हणून त्यानें आधीं जुन्या फाटक्या चिंध्या खालीं सोडल्या व त्या काखेंत धरावयास सांगितलें. बायबलांतील मोठमोठ्या चमत्कारांपेक्षां या चिंध्यांची हकिकत आम्हांस अधिक हृदयस्पर्शी वाटते. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास शहर पडलें, मंदिर जळालें, लोक बाबेलला नेले गेले, आणि त्या वृद्ध भविष्यवाद्याला त्याच्याच लोकांनीं त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशांत नेलें.

असे हे लोक खोटे होते काय? खोट्या माणसाचे दिवस याहून बरे जातात. त्या काळीं राजदरबारीं खोटे भविष्यवादीही पुष्कळ होते; ते सर्व क्षेम आहे म्हणून सांगत व सुखानें जेवत.

मग आपला प्रभु त्यांच्याहून थोर तो कशानें? पुष्कळ भाविक मंडळी उत्तर देतात कीं, त्यानें चमत्कार केले. परंतु हें उत्तर पुरें पडत नाहीं. मोशेच्या काळीं रानांत मान्ना मिळाला; एलियानें सारफथच्या विधवेचा मुलगा जिवंत केला; अलीशानें कुष्ठरोगी नामानाला शुद्ध केलें. चमत्कारांची नुसती मोजदाद करूं गेल्यास आपला पक्ष दुबळा पडेल. फरक कृत्यांत दिसतो त्याहून तें करण्याच्या रीतीत अधिक दिसतो. एलिया त्या मुलाच्या देहावर तीन वेळां पसरला व त्यानें देवाचा धांवा केला. नाइन गांवच्या वेशींत प्रभु येशूनें तिरडीला हात लावला व त्या तरुणाला उठावयास सांगितलें. धांवा कोणाचा केला नाहीं. नाथानानें दाविद राजाला, देवानें तुझें पाप दूर केलें, अशी बातमी दिली. कफर्णहूमच्या घरांत छपरांतून खालीं सोडलेल्या पक्षाघाती माणसाला मात्र येशूनें स्वतःच पापांची क्षमा केली. तेथें बसलेल्या शास्त्र्यांच्या मनांत आलें कीं, देवावांचून क्षमा करणारा कोण? त्यांना आपण उगाच दूषणें देतों; त्यांचा प्रश्न अगदीं बरोबर होता. त्या प्रश्नाचें उत्तर हाच तर आपला विश्वास आहे.

आणखी एक गोष्ट. सगळे भविष्यवादी आपल्या बोलण्याच्या आरंभीं वा शेवटीं हे परमेश्वराचे शब्द आहेत असें सांगून स्वतः बाजूला होतात. डोंगरावरील प्रवचनांत मात्र पूर्वींच्या लोकांना काय सांगितलें होतें तें एकदां सांगून येशू स्वतःच्या अधिकारानें पुढें बोलतो. जासूद आणि ज्याच्याकडून जासूद येतो तो धनी यांच्या बोलण्यांतला हा फरक आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या लेखकानें तो घरगुती दाखल्यानें समजाविला आहे: मोशे हा देवाच्या घरांतील विश्वासू सेवक, ख्रिस्त हा त्याच घराचा पुत्र. यांत सेवकाची निंदा नाहीं. विश्वासू म्हणून त्याचा गौरवच आहे. फक्त घर त्याचें नव्हे.

भविष्यवाद्यांनाही हें ठाऊक होतें, असें शुभवर्तमान सांगतें. त्यांच्या मालिकेंतला शेवटचा जो स्नानसंस्कार देणारा योहान, तो आपण येणाऱ्याच्या वहाणेचा बंदही सोडावयास पात्र नाहीं असें म्हणाला, आणि हेरोद अंतिपाच्या हातून मारला गेला. यहूदी इतिहासकार योसेफस यानें या वधाची जागा मृतसमुद्राच्या पूर्वेकडील माखेरुस किल्ल्यांत दाखविली आहे. रूपांतराच्या डोंगरावर मोशे व एलिया प्रभूशीं बोलत उभे राहिले. मग ढग आला व गेला, आणि शिष्यांना एकटा येशू दिसला. सिनाय पर्वताच्या पायथ्याशीं संत कॅथरीनच्या मठांत सहाव्या शतकांत काढलेलें या प्रसंगाचें रंगीत तुकड्यांचें चित्र अद्याप शाबूत आहे. मध्यें ख्रिस्त, एका बाजूस एलिया, दुसऱ्या बाजूस मोशे. ज्या पर्वतावर त्या दोघांना देवाचें दर्शन झालें असें परंपरा मानते, त्याच पर्वताखालीं हें चित्र आहे.

येथवर सर्व सोपें वाटतें. अडचण पुढें आली.

इ. स. १४० च्या सुमारास काळ्या समुद्रावरील सिनोपे बंदराचा मार्सियोन नांवाचा एक धनाढ्य जहाजमालक रोमला आला व तेथील ख्रिस्तसभेस त्यानें दोन लक्ष सेस्टर्सची देणगी दिली. ही रक्कम लहानसहान नव्हती. त्याचें म्हणणें असें कीं, ख्रिस्त इतका थोर आहे कीं त्याचा त्या जुन्या भविष्यवाद्यांशीं कांहीं संबंधच असूं शकत नाहीं. त्यांचा देव कठोर न्याय करणारा, कनिष्ठ. येशूचा पिता निराळा, केवळ दयाळू, पूर्वीं कोणालाही अज्ञात असलेला. म्हणून त्यानें जुना करार समूळ टाकला, आणि नव्यांतूनही जेथें जेथें जुन्याचा वास येई तो तो भाग कापून लूकचें एक आंखूड शुभवर्तमान व संत पौलाचीं दहा पत्रें एवढेंच शिल्लक ठेविलें. वरवर पाहतां हा ख्रिस्ताचा केवढा गौरव! यहोयाकीम राजानें चाकू द्वेषानें चालविला होता. मार्सियोननें तो भक्तीनें चालविला.

रोमच्या ख्रिस्तसभेनें इ. स. १४४ मध्यें त्याला बाहेर काढलें व त्याचे दोन लक्ष सेस्टर्स त्याला परत केले. आमच्या मतें ख्रिस्तसभेच्या इतिहासांत पैसा इतक्या योग्य कारणासाठीं फारच थोड्या वेळां परत गेला असेल. मार्सियोनचा पंथ मात्र पुढें काही शतकें टिकला. त्याला उत्तर देण्याकरितां लियोंचा बिशप संत इरेनेयुस यानें इ. स. १८० च्या सुमारास लेखणी उचलली, व आफ्रिकेंतील तर्तुल्यानानें पांच खंड लिहिले. त्यांच्या विवेचनाचें सार आमच्या शब्दांत असें: ज्या पुत्राचें आगमन घरांतल्या सेवकांनीं पिढ्यान्पिढ्या जाहीर केलें, ते सेवकच खोटे ठरविले तर आलेला हा पुत्र कोणत्या घरचा? मुळें तोडून फळाची थोरवी वाढत नाहीं.

याच्या उलट टोंकासही एक मत होतें. एबियोनी या नांवानें ओळखली जाणारी यहूदी ख्रिस्ती मंडळी येशूला मानी, पण मोशेप्रमाणेंच एक माणूस व देवानें निवडलेला भविष्यवादी म्हणून. एका मतानें पुत्राला सेवकांच्या रांगेंत बसविलें, दुसऱ्यानें सेवकांना घराबाहेर घातलें. ख्रिस्तसभेनें दोन्ही वाटा नाकारल्या. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टॅंटिनोपल धर्मपरिषदेच्या नांवानें चालत आलेला जो श्रद्धांगीकार आपण रविवारीं म्हणतों, त्यांत पवित्र आत्मा हा भविष्यवाद्यांच्या मुखानें बोलला असें वाक्य आहे. आपण तें घाईघाईनें म्हणून टाकतों. त्यामागें मार्सियोनशीं झालेल्या झगड्याची सावली आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तें सावकाश म्हणावेंसें वाटेल.

त्याच काळांतला संत जस्टिन हा शेखेमजवळच्या नेआपोलिस नगराचा, म्हणजे आजच्या नाब्लुसचा. तो अनेक तत्त्वज्ञान्यांच्या पायांशीं बसून कंटाळला होता. एके दिवशीं समुद्राकांठीं त्याला एक म्हातारा भेटला. त्यानें त्याला तत्त्वज्ञान्यांहून प्राचीन अशा भविष्यवाद्यांविषयीं सांगितलें, आणि त्यांच्या वाटेनें जस्टिन ख्रिस्ताकडे आला. पुढें त्यानें त्रिफो नांवाच्या यहूदी गृहस्थाशीं झालेला लांबलचक संवाद लिहून ठेविला. दोघांचें एकमत झालें नाहीं. पण संवादाच्या अखेरीस ते मित्रभावानें एकमेकांचा निरोप घेतात. या शेवटाकडे पुढल्या शतकांनीं दुर्लक्ष केलें, ही दुःखाची गोष्ट.

आतां वाचकांस आम्ही एकदम फ्रान्समध्यें, तेराव्या शतकांत नेतों. कारण दोन रीतींनीं मानलेली थोरवी तेथें डोळ्यांनीं पाहावयास मिळते. शार्त्र येथील महामंदिराच्या दक्षिण बाजूस रंगीत कांचेच्या पांच उंच खिडक्या आहेत. मधल्या खिडकींत बालक येशूला घेतलेली पवित्र मरिया. आजूबाजूच्या चार खिडक्यांत यशया, यिर्मया, दानिएल व यहेज्केल हे चार थोर भविष्यवादी उभे आहेत, आणि त्यांच्या खांद्यांवर मात्थयी, लूक, मार्क व योहान हे चार शुभवर्तमानकार बसले आहेत. गंमत अशी कीं, वर बसलेले आकारानें लहान व खालचे प्रचंड. जत्रेंत बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाला बापापेक्षां दूरचें दिसतें, तसें. याच गांवच्या महामंदिराच्या शाळेंतील बर्नार्ड नांवाच्या बाराव्या शतकांतील गुरूनें आपण राक्षसांच्या खांद्यांवर बसलेले ठेंगू आहों अशा अर्थाचें उद्गार काढले होते, असें त्याच शतकांतील साल्झबरीच्या जॉननें नमूद केलें आहे. हा जॉन शेवटीं शार्त्रचाच बिशप झाला. या चारही जोड्यांच्या वर, वर्तुळाकार खिडकींत, गौरवानें बसलेला ख्रिस्त आहे. त्याचें स्थान सर्वांहून उंच आहे, आणि त्यासाठीं खालच्या कोणालाही चिरडावें लागलेलें नाहीं.

साधारण त्याच वर्षांत, १२३० च्या आसपास, स्ट्रासबुर्गच्या महामंदिराच्या दक्षिण दारापाशीं दोन स्त्रियांच्या पाषाणमूर्ति उभारल्या गेल्या. एक ख्रिस्तसभा: डोक्यावर मुकुट, हातांत क्रूसध्वज व चषक, मान ताठ. दुसरी यहूद्यांचें सभास्थान: डोळ्यांवर पट्टी, हातांतला भाला मोडलेला, नियमशास्त्राच्या पाट्या निसटूं पाहत आहेत. शिल्पी मोठा कुशल होता. ती पट्टी बांधलेली स्त्रीच दोघींत अधिक सुंदर उतरली आहे असें पुष्कळ जाणकार म्हणतात, व आम्हांसही छायाचित्रांवरून तसेंच वाटतें. परंतु रोज त्या दारानें आंतबाहेर करणाऱ्या साध्यासुध्या लोकांनीं त्यांतून काय शिकावें? ख्रिस्त थोर, म्हणून ज्यांच्या घरीं यशया जन्मला ते आंधळे व पराभूत. १२१५ च्या लातेरान धर्मपरिषदेनें यहूद्यांनीं ओळखूं येण्याजोगा वेगळा पोशाख करावा असें आधींच ठरविलें होतें. पुढें महामारीचें संकट आलें आणि यहूद्यांनीं विहिरींत विष कालविलें अशी अफवा पसरली. स्वतः पोप सहावा क्लेमेंत यानें १३४८ मध्यें ही गोष्ट खोटी आहे असें पत्रकांनीं जाहीर केलें. पण ऐकतो कोण? १४ फेब्रुवारी १३४९ रोजीं त्याच स्ट्रासबुर्ग शहरांत शेंकडों यहूदी स्त्रीपुरुषांना त्यांच्याच दफनभूमींत लांकडी मंचावर जिवंत जाळण्यांत आलें. त्या दिवशीं जाळणारे लोक स्वतःला भविष्यवाद्यांहून थोर अशा तारणाऱ्याचे भक्त म्हणवीत होते. तो तारणारा देहानें यहूदी होता, त्याची आई यहूदी होती, बाराही प्रेषित यहूदी होते, याची त्यांना शुद्ध नव्हती.

हें सारें दूरदेशीचें म्हणून आपणांस सुटतां येणार नाहीं. गोव्यांत १५६० पासून धर्मन्यायासन बसलें, आणि आरंभीं त्याचा रोख पोर्तुगालहून आलेल्या यहूदी वंशाच्या 'नव्या ख्रिस्ती' लोकांवरच होता. गार्सिया दा ओर्ता हा वैद्य १५३४ मध्यें गोव्यास आला. आपल्या देशांतील औषधी व मसाल्यांवर त्यानें लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांतच छापला गेला, आणि आंबा, फणस, हिंग, अफू यांविषयीं युरोपास त्यानें कितीतरी नवी माहिती दिली. तो १५६८ मध्यें वारला. पुढल्याच वर्षीं त्याची बहीण गुप्तपणें यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळली गेली. आणि १५८० मध्यें स्वतः ओर्ताचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं.

या घटनेच्या अवघें एक वर्ष आधीं, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, येशूसंघाचा एक तरुण इंग्रज गोव्याच्या बंदरांत उतरला होता. तोच आपला फादर थॉमस स्टीफन्स. त्याच्याविषयीं मराठी ख्रिस्ती वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्याच्या पुराणाकडे कोणी फारसें पाहिलेलें नाहीं, म्हणून दोन गोष्टी लिहितों. १६१६ मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापलेल्या या मराठी ग्रंथाचें मूळ पोर्तुगीज शीर्षक, आपल्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या जगांतील आगमनाविषयींचें विवेचन, अशा अर्थाचें आहे. 'क्रिस्तपुराण' हें लोकांत रूढ झालेलें नांव. 'आगमन' हा शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावा. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिलें पुराण ३६ अवस्वरूंचें, दुसरें ५९ अवस्वरूंचें. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून आब्राहाम, मोशे, दाविद व भविष्यवादी यांच्यापर्यंत सारी कथा आहे. दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक ग्रंथ प्रभूच्या जन्मापूर्वींचाच! साष्टींतील नवख्रिस्ती लोकांना आपलीं जुनीं पुराणें ऐकावयास मिळेनाशीं झालीं होतीं व त्यांना तसें कांहीं हवें होतें, असा या ग्रंथाच्या प्रारंभींचा प्रसंग आहे. घाईंत असलेल्या उपदेशकानें त्यांना सरळ बेथलेहेमच्या गोठ्यांत नेलें असतें. स्टीफन्सनें त्यांना आधीं शेंकडों वर्षांची वाट पाहावयास लाविली.

यांत त्याची दृष्टि दिसते. ज्याची वाट पाहिली नाहीं त्याच्या येण्याचें काय मोल? घरीं पाहुणा येणार म्हणून अंगण सारविलें, चुलीवर आधण ठेविलें, पोरांना वेशीपर्यंत पाठविलें, म्हणजे मग तो पाहुणा कोण हें शेजाऱ्यालाही सांगावें लागत नाहीं. भविष्यवादी म्हणजे वेशीवर पाठविलेलीं तीं पोरें. स्टीफन्स हा वाद जिंकावयास निघालेल्या पंडितासारखा या कथेंतून जात नाहीं, कथेकऱ्यासारखा जातो. म्हणूनच त्याचा ग्रंथ पुढें छापील प्रती नाहींशा झाल्यावरही हस्तलिखितांच्या रूपानें गोवा व मंगळूरकडील घरांत टिकला, १९०७ मध्यें मंगळूरास सालढाणा यांनीं तो पुन्हां छापला, व १९५६ मध्यें बंडेलू यांच्या प्रयत्नानें देवनागरींत आला.

पण या कोंकणपट्टींत भविष्यवाद्यांची आठवण ठेवणारे आपण एकटे नव्हतों. अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूस बेने इस्राएल लोक कित्येक शतकें घाणे चालवीत, शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मराठी हीच त्यांची घरची भाषा. त्यांची एलिया भविष्यवाद्यावर, ज्याला ते एलियाहू हनाबी म्हणतात, विलक्षण भक्ति. शुभकार्याच्या वेळीं, नवस फेडतांना, पोहे, नारळाचा कीस, गूळ व फळें यांचा 'मलिदा' त्याच्या नांवानें मांडतात. अलिबागजवळ खंडाळा येथील खडकावरच्या खुणा एलियाच्या अग्निरथाच्या आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले, व मलिदाही त्यांच्याबरोबर गेला. ते एलियाची अजून वाट पाहतात. तो बाप्तिस्ता योहानाच्या रूपानें येऊन गेला असें आपल्याला शुभवर्तमानानें शिकविलें. मतभेद केवढा मोठा आहे हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु दोन्ही घरांत एकाच म्हाताऱ्याचें नांव आदरानें घेतलें जातें, हेंही लपवूं नये.

ख्रिस्तसभेला शार्त्रच्या खिडकीकडे परत यावयास फार काळ लागला. पोप तेविसावा योहान यानें १९५९ मध्यें पुण्य शुक्रवारच्या प्रार्थनेंतून यहूद्यांविषयींचें दुखविणारें विशेषण काढून टाकविलें. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट सर्व यहूद्यांवर ठेवतां येत नाहीं असें जाहीर केलें. १३ एप्रिल १९८६ रोजीं पोप दुसरा जॉन पॉल रोमच्या सभास्थानांत गेला व तेथील मंडळींना त्यानें वडील भावांच्या नात्यानें संबोधिलें. मधल्या काळांत आणखी एक अनपेक्षित साक्षीदार पुढें आला होता. १९४७ मध्यें मृतसमुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेंत बदाउनी गुराख्यांना मडक्यांतल्या गुंडाळ्या सांपडल्या. त्यांत यशयाचा संपूर्ण ग्रंथ होता, सात मीटरांहून लांब चामड्यावर लिहिलेला, प्रभूच्या जन्माच्या शंभर वर्षांहूनही आधींचा. ख्रिस्ती लोकांनीं यशयाचीं वचनें मागाहून घुसडलीं, असें म्हणण्यास आतां जागा उरली नाहीं.

परिषदेच्या आज्ञेवरून नवी वाचनमाला तयार झाली व १९६९ च्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून ती वापरांत येऊं लागली. त्यापूर्वीं रविवारच्या मिस्सामध्यें जुन्या कराराचें वाचन अगदीं क्वचित् असे. आमच्या आजोबांनीं आमोसचें नांव देवळांत ऐकलें असेल कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. आतां पुनरुत्थानकाळ सोडला तर बहुतेक प्रत्येक रविवारीं पहिलें वाचन जुन्या करारांतलें असतें. म्हणजे त्या मुलीला जो प्रश्न पडला तो आमच्या आजोबांना पडणें शक्यच नव्हतें.

तिला आम्हीं पुढल्या रविवारीं उत्तर दिलें. सांगितलें कीं, ते लोक खोटे नव्हते, म्हणूनच त्यांचे शब्द शुभवर्तमान जेथून वाचतात त्याच ठिकाणावरून वाचतात. आणि ते ज्याच्याविषयीं बोलत होते तो स्वतः बोलूं लागतो, म्हणून आपण उठतों. ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग तिनें विचारलें, "मग ते इथें असते तर तेही उठले असते?" आम्ही हो म्हणालों. आगमनकाळ जवळ आला होता, आणि त्या वर्षीं चारही रविवारीं पहिलें वाचन यशयाचें होतें.